औंस-इंचांवरून ग्रॅम-सेंटिमीटरवर येताना

पाकिटं बांधणं, वजन करणं आणि टपालखर्च काढणं हे माझं रोजचं काम. ज्यांच्याकडे अजून औंस, पौंड आणि इंच चालतात त्यांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: जुन्या आकड्यांना गुणत बसू नका. वस्तू पुन्हा काट्यावर ठेवा, खोकं पुन्हा मोजा. १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम हे बरोबरच आहे, पण यादीत २८.३५, ५६.७०, ८५.०५ असे आकडे भरले की ते कुणाच्याच डोक्यात बसत नाहीत आणि सगळे पुन्हा औंसातच बोलू लागतात.

सुरुवात काट्यापासून करा. डिजिटल काट्यावर एकक बदलायचं बटण असतं. पार्सल उचलताना अंगठा त्यावर पडतो, २५० च्या जागी ८.८ दिसायला लागतं आणि घाईत तेच वहीत उतरतं. म्हणून मी त्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून चिकटपट्टी मारतो. टेपचंही तसंच. एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असलेली टेप टेबलावर नकोच.

पत्रांच्या बाबतीत तर हिशेब आयताच तयार आहे. १८७४ च्या बर्न करारात, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या टपालाच्या करारात, देशादेशांतल्या पत्रांचं वजन ग्रॅममध्येच धरलं होतं. आज बऱ्याच ठिकाणी पत्राच्या दराची पहिली पायरी २० ग्रॅमची असते. ए-शून्य कागदाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि ए-चार त्याचा सोळावा भाग. म्हणजे ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-चार कागद बरोबर ५ ग्रॅमचा. असे तीन कागद आणि त्याच जाडीचं ११० × २२० मिलिमीटरचं लांबट पाकीट मिळून २० च्या जरासं आत बसतं. चौथा कागद घातला की पुढची पायरी. हे एकदा कळलं की काट्यावर ठेवण्याआधीच अंदाज येतो, आणि मला तरी मेट्रिकची, म्हणजे या ग्रॅम-सेंटिमीटरच्या पद्धतीची, खरी गोडी इथेच लागली.

पार्सलला आकारमानाचं वजनही लागतं, म्हणजे खोकं जेवढी जागा अडवतं त्यावरून धरलेलं वजन. पुष्कळ कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५,००० ने भागतात. ४० × ३० × २० चं खोकं धरलं तर २४,००० भागिले ५,०००, म्हणजे ४.८ किलो. आत २ किलोचाच माल असला तरी पैसे ४.८ चे. त्यामुळे खोकं भरून, चिकटवून झाल्यावर, जिथे ते सर्वांत फुगलंय तिथे मोजा. रिकाम्या खोक्यावर छापलेलं माप धरू नका.

विक्रीचा माल पौंडाच्या पाकिटात असेल तर पाकीटच बदला. १ पौंड ४५३.५९ ग्रॅमचा. ५०० ग्रॅमचं पाकीट केलं तर माल सुमारे १० टक्के वाढतो, ४०० चं केलं तर जवळपास १२ टक्के घटतो. दोन्ही वेळा किंमत त्याच प्रमाणात हलवा आणि दर १०० ग्रॅममागचा भाव शेजारी ठळक छापा. वजन कमी करून जुनीच किंमत ठेवली तर गिऱ्हाईक मेट्रिकलाच दोष देतं, आणि ते मला अजिबात सहन होत नाही.

द्रव पदार्थांत मात्र जपून. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. कुणी गॅलनमध्ये मागणी पाठवली तर कुठला गॅलन ते विचारा आणि लिटरचा आकडा लेखी कळवून होकार घ्या, मगच माल भरा.