एक कॅसँड्रा, सहा पायथन

टीममधल्या नव्या मुलानं लॅपटॉपवर पायथन 3.12 टाकलं आणि कॅसँड्रा डेटाबेसला कमांड देण्याचं आमचं टूल, सीक्यूएलएसएच, उघडायच्या आधीच आडवं झालं. 3.12 मधून असिंककोर हे मॉड्यूल काढून टाकलंय. आमचा जुना ड्रायव्हर (पायथनला कॅसँड्राशी जोडणारी लायब्ररी) त्याच्याच जिवावर चालत होता. "माझ्याकडे तर चालतंय" असं मीच ऐटीत म्हटलं होतं. माझ्याकडे 3.8! त्याचा सपोर्ट ऑक्टोबर 2024 मध्येच संपला, पण आमच्या एका क्लायंटचे सर्व्हर अजून तिथंच अडकलेत.

तेव्हापासून सीक्यूएलएसएच 3.8 ते 3.13 या सगळ्या पायथनवर तपासते. डेटाबेस मात्र एकच. आधी डॉकरचं (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारं टूल) वेगळं नेटवर्क करा, त्यात कॅसँड्रा सुरू करा. रॅम 8 जीबीच असेल तर हीपला (कॅसँड्रा वापरते त्या मेमरीला) मर्यादा घाला, नाहीतर पंखा गिरणीसारखा घरघरतो. मग प्रत्येक व्हर्जनच्या स्लिम इमेजमधून (कंटेनरचा छोटा तयार साचा) एक कंटेनर, काम झालं की आपोआप पुसला जाणारा. पत्ता म्हणून लोकलहोस्ट देऊ नका. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. कॅसँड्राच्या कंटेनरचं नाव द्या. आणि तिचं 9042 पोर्ट उघडेपर्यंत थांबा.

इमेजेस बुधवारी रात्रीच उतरवून ठेवते. गुरुवारी आमच्या कोथरूडात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

कोडचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता जोडा आणि आत टेम्पमध्ये कॉपी करून तिथून इन्स्टॉल करा. नाहीतर रूटच्या मालकीच्या फायली तुमच्या फोल्डरात पडतात आणि पुसताना सुडो आठवावा लागतो.

आता माझी फजिती. पहिल्या रात्री सहाच्या सहा व्हर्जन पास! लॉग ठेवायला आउटपुट पाइपनं टी कमांडला (पडद्यावर दाखवून फायलीतही लिहिते ती) दिलं होतं, आणि बॅश एक्झिट कोड (शून्य म्हणजे पास) पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा धरतो. टी बिचारी कधी फेल होणार? स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी फेल धरणारी सेटिंग) लावल्यावर 3.12 आणि 3.13 लाल झाले. म्हणून आता दर वेळी नसलेल्या टेबलवर एक क्वेरी मुद्दाम मारते. तिला शून्य कोड आला तर तपासणीच खोटी.

चाचणीच्या डेटात 'शनिवार पेठ', 'धनकवडी' असली नावं हवीतच. मात्रा-वेलांट्यांनी टेबलाच्या उभ्या रेघा कशा सरकतात ते 'टेस्ट1' घालून दिसत नाही.

टॅब दाबून शब्द पुरा होतो का, हे सगळी व्हर्जन फिरवणाऱ्या लूपकडून होत नाही. त्यासाठी कंटेनर टर्मिनलसकट उघडते, एस-ई-एल टाइप करून टॅब दाबते. सिलेक्ट उमटलं की वहीत त्या व्हर्जनपुढे टिक.