चोरपावलांचा सीन फसतो कुठे? व्हँपायर खेळवताना या चुका टाळा

'व्हँपायर: द मास्करेड' या टेबलावर बसून फाशांनी खेळायच्या, व्हँपायरांच्या भूमिका घेण्याच्या खेळात मारामारी कशी खेळवायची हे नियमांत बऱ्यापैकी आखून दिलेलं आहे. गुपचूप आत शिरण्याचा सीन मात्र जवळजवळ पूर्णपणे स्टोरीटेलरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, अंगावर पडतो, आणि तिथंच गाडी अडते. एक तर पहिल्याच फाशाला बोंब होते, नाहीतर अदृश्य झालेलं पात्र फिरून येतं आणि कुणाला काहीच वाटत नाही. दोन्हीचं मूळ एकच आहे. व्हँपायरला न दिसता आत जाणं अवघड नसतंच. आत जाताना त्यानं किती रक्त, किती रात्र आणि किती गुपित खर्च केलं, हे मोजायला हवं. खालचे नियम २०१८ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत.

उदाहरणासाठी एकच जागा धरू: जळगावच्या बाहेर, कापसाच्या हंगामातली एक जिनिंग. फाटकासमोर ट्रॅक्टरांची रांग, आत वजनकाटा आणि त्याची केबिन, मोकळ्या आवारात कापसाचे ढीग, मागं प्रेसिंगचा हॉल आणि १७० किलोच्या गाठींची थप्पी. काट्याच्या केबिनमधलं एक रजिस्टर पहाटेच्या आत उचलायचं आहे.

एक फासा पडला की सगळं संपलं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कुंपणाला एक रोल, आवारात एक, केबिनच्या कुलपाला एक, रजिस्टर शोधायला एक, बाहेर पडायला एक, आणि कुठंही नापास झालं की वॉचमन ओरडला. हिशोब करून बघा. सहा फाशांचा पूल (एका रोलला टाकायचे दहाबाजूंचे फासे, ६ किंवा वर आलेला प्रत्येक म्हणजे एक यश) आणि डिफिकल्टी ३ (निदान तीन यशं हवीत) असेल तर पास होण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश. ऐकायला बरी वाटते. पण असे पाच रोल ओळीनं पास व्हायची शक्यता १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आठ वेळा खेळलात तर एकदा. खेळाडू वाईट खेळत नाहीत, तुम्ही त्यांना हरणारी लॉटरी दिली आहे.

दोन दुरुस्त्या करा. पहिली, रोल कमी करा. पूल डिफिकल्टीच्या दुप्पट असेल तर नियमच आपोआप यश देतो, ते द्या. सहा फाशांच्या माणसाला साध्या तारेच्या कुंपणाला, म्हणजे डिफिकल्टी ३ ला, रोल मागूच नका. दुसरी, नापास होणं पायरीपायरीनं येऊ द्या. टेबलाच्या मधोमध एक सहाबाजूंचा फासा सर्वांना दिसेल असा ठेवा आणि १ पासून सुरू करा. १ म्हणजे आवार निवांत. २ म्हणजे कुणाचे तरी कान टवकारलेत, वॉचमन खाटेवरून न उठता 'कोन शे रे तठे?' असं विचारतो आणि थांबतो. ३ म्हणजे तो बॅटरी घेऊन उठला. ४ म्हणजे शेडमधले मजूर जागे झाले. ५ म्हणजे फाटकावरचे ट्रॅक्टरवाले आत आले. ६ म्हणजे मालकाला फोन गेला आणि आता शहरातल्या दुसऱ्या व्हँपायरांनाही कळणार. नापास रोल एक पायरी वर नेतो, आरडाओरडा किंवा फुटलेली काच दोन. दहा-पंधरा मिनिटं शांत बसलं तर एक पायरी खाली येते, पण घड्याळ पुढं सरकतं. एवढ्यानंच अर्धा सीन सुधारतो. खेळाडूंना '३' दिसत असला की ते आपणहून कुजबुजायला लागतात.

'जिंकलं, पण किंमत देऊन' हा नियमही इथं हात सैल सोडून वापरा. एकाच यशानं हुकलं असेल तर कुलूप उघडतं, पण कडी आपटते.

चौघांकडून चार रोल

चौघे सरपटत आवार ओलांडतात आणि स्टोरीटेलर प्रत्येकाला डेक्स्टेरिटी अधिक स्टेल्थ (चपळाई आणि लपण्याचं कौशल्य) टाकायला लावतो. सर्वात कच्च्याचा पूल तीन-चारचा असतो, म्हणजे गटाचं नशीब त्याच्या हातात. पुढं चालणाऱ्याला एकच रोल टाकू द्या, आणि स्टेल्थमध्ये निदान एक ठिपका (कौशल्याची एक पातळी) असलेला प्रत्येक सोबती त्याला एक फासा वाढवून देईल. ठिपकाच नसलेल्या प्रत्येकामागं डिफिकल्टी एकनं वाढवा. हे शेवटचं पुस्तकात नाही, घरचा नियम आहे, पण चिलखतासारखं जाकीट घालून आलेल्या ब्रुहा घराण्याच्या पात्राला बाहेरच थांबवायला पुरेसा आहे.

ऑब्फ्यूस्केट म्हणजे जादूची घोंगडी नव्हे

ऑब्फ्यूस्केट ही व्हँपायरची लपण्याची शक्ती, पातळ्यांनी चढत जाणारी. तिच्या पायऱ्या गोंधळल्या की सीन हातातून जातो, म्हणून नीट बघा. पहिल्या पातळीचं क्लोक ऑफ शॅडोज फुकट आहे, पण हललात की गेलं. कापसाच्या ढिगाला टेकून तासभर उभं राहायला उत्तम, केबिनपर्यंत जायला निरुपयोगी. सायलेन्स ऑफ डेथ तुमच्या पावलांचा, कपड्यांचा आवाज गिळतं, तुम्ही पाडलेल्या पत्र्याचा नाही. हलता-फिरता अदृश्य व्हायला दुसऱ्या पातळीचं अनसीन पॅसेज लागतं आणि त्याला एक राऊझ चेक (रक्त जागवण्याचा फासा, त्यानं भूक वाढू शकते) मोजावा लागतो. तेसुद्धा कुणी बघत असताना सुरू करता येत नाही. बॅटरीचा झोत अंगावर असताना गायब व्हायचं तर चौथ्या पातळीचं व्हॅनिश हवं. खेळाडू नेमका इथं वाद घालतो, म्हणून सत्र सुरू होण्याआधी हे वाक्य त्याच्याकडून वाचून घ्या.

उलट चूकही होते: अनसीन पॅसेज चालू असताना साध्या माणसासमोर पुन्हा स्टेल्थ टाकायला लावणं. त्यानं रक्त मोजलंय, त्याला जाऊ द्या. रोल तेव्हाच, जेव्हा समोर ऑस्पेक्स (तीक्ष्ण इंद्रियांची शक्ती) असलेला कुणी आहे किंवा पात्रानं स्वतःकडे लक्ष वेधलं.

मग कॅमेरा. ऑब्फ्यूस्केट बघणाऱ्याच्या मनावर चालतं, कॅमेऱ्याला मन नसतं. तिसऱ्या पातळीचं घोस्ट इन द मशीन घेतलं नसेल तर काट्यावरचा कॅमेरा त्याला सरळ टिपतो. जिनिंगमध्ये वजनाचे वाद रोजचे असतात, त्यामुळे काट्यावर कॅमेरा असणारच. डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणारा) डबा कुठं आहे हे तुम्हाला आधीच माहीत हवं. बहुतेक तो त्याच केबिनमध्ये, टेबलाखाली, धुळीनं माखलेला असतो. गटात लासोम्ब्रा घराण्याचा कुणी असेल तर त्याचं चित्र वाकडंतिकडं येतं, पण तेवढ्यानं ओळख लपेलच याची खात्री नाही. आणि सकाळी बघणाऱ्याला एवढं नक्की कळतं की इथं काहीतरी विचित्र उभं होतं.

'लाईट घालवू' ही युक्ती चालू देणं

शहरी पद्धतीच्या कथांमध्ये वीज कापली की अंधार आणि गोंधळ. इथं लाईट जाणं ही बातमीच नाही. डीव्हीआर इन्व्हर्टरवर चालतो. शिवाय पंखा बंद पडला की झोपलेला वॉचमन उठून बसतो, आणि डास चावायला लागले की पुन्हा झोपत नाही. खेळाडूंना युक्ती करू द्या, मात्र आवाराची पायरी एकनं वाढवा आणि कारण मोठ्यानं सांगा. कारण पटलं की कुणी कुरकुरत नाही.

भूक विसरणं

राऊझ चेक म्हणजे एक फासा, ६ किंवा वर आला तर भूक वाढत नाही. म्हणजे निम्म्या वेळा वाढते. आता यादी करा: अनसीन पॅसेज एक, माणसात मिसळायला ब्लश ऑफ लाइफ एक, कुंपणावर ताकद वाढवायला ब्लड सर्ज एक, वॉचमनला वश करायला मेस्मराइझ एक. चार चेकमागं सरासरी दोननं भूक वाढली. भूक २ वर निघालेलं पात्र केबिनमध्ये ४ वर पोचतं, आणि समोर खाटेवर गळा उघडा टाकून घोरणारा माणूस. हाच खरा सीन आहे, आणि बरेच स्टोरीटेलर तो न बघता कुलपाच्या रोलकडे वळतात. थांबा तिथं. श्वासाचा आवाज, घामाचा वास, मानेवर बसलेला डास, एवढं सांगा आणि मग फासे मागा. भूक ५ झाली की पात्राला स्वतःहून रक्त जागवता येत नाही. बाहेर पडायची वाट अदृश्य होऊन ठरवली असेल तर ती वाट बंद.

हंगर फाशांचे (भूक जितकी, तितके साध्या फाशांऐवजी टाकायचे फासे) निकाल वाचण्यातही घोळ होतो. बेस्टियल फेल्युअर म्हणजे 'तुला पाहिलं' नव्हे. ते साधं अपयश झालं. आतल्या श्वापदानं डोकं वर काढलं पाहिजे: लपायचं सोडून पात्र रक्ताच्या वासाकडे सरकतं, किंवा घराण्याचा झटका येतो. मेसी क्रिटिकल म्हणजे काम फत्ते, पण श्वापदाच्या पद्धतीनं. दाराचं कुलूप उघडलं नाही, चौकटीसकट हातात आलं. वॉचमन बेशुद्ध करायचा होता, तो परत उठणार नाही. विलपॉवरनं (मनोबल खर्चून) तीन साधे फासे पुन्हा टाकता येतात, हंगर फासे नाहीत. हे आधीच सांगून ठेवा, रोलनंतर सांगितलं की फसवल्यासारखं वाटतं.

आगीचा विचारच न करणं

खानदेशात हिवाळ्याच्या रात्री शेताशिवारात भरीत पार्ट्या रंगतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि तो जाळ भक्कन पुरुषभर उंच उठतो. कोपऱ्यावरून वळलेल्या व्हँपायरपुढं हे अचानक आलं तर टेरर फ्रेंझीची (भीतीनं भान हरपण्याची) चाचणी: शिल्लक विलपॉवर अधिक ह्युमॅनिटीचा (उरलेल्या माणुसकीच्या आकड्याचा) एक-तृतीयांश. जिनिंगच्या आत कुणी विडीसुद्धा पेटवू देत नाही, कापूस आहे म्हणून. म्हणजे आत जाळ नाही, फाटकाबाहेर रांगेतल्या लोकांची शेकोटी आहे. पळायची वाट तिच्या बाजूनं जाते की नाही हे नकाशावर आधीच ठरवा. आणि हो, ब्रुहानं 'लक्ष विचलित करायला' कापसाला काडी लावायचं ठरवलं तर त्याला आठवण करून द्या की त्याचे मित्र अजून आत आहेत.

रात्री सगळं सामसूम असतं असं समजणं

शेतीपंपाची वीज बऱ्याचदा पाळीनं रात्रीची असते, त्यामुळे मध्यरात्री दोनला बांधावर पाणी द्यायला आलेला माणूस भेटणं साधी गोष्ट. मे महिन्यात गल्लीच्या गल्ल्या गच्चीवर झोपतात. छपरांवरून उड्या मारत जायचा बेत तिथंच अंथरुणात अडकतो. आणि अंधाराचं मापही महिन्यागणिक बदलतं: डिसेंबरात जळगावला साधारण तेरा तास मिळतात, मेच्या मध्यात अकराहून थोडे कमी. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटरच्या आसपास. जायला-यायला चार तास धरले तर मेमध्ये काम उरकायला किती उरतात, ते फळ्यावर लिहा.

कुत्र्यांचं मात्र टेबलावर आधी ठरवा. ती वासानं ओळखतात की नाही, यावर ऐन वेळी वाद झाला तर सीन मेला.

चेहरा बदलला, तोंड उघडलं

ऑब्फ्यूस्केटमधलंच मास्क ऑफ अ थाउजंड फेसेस पात्राला एखाद्या साध्या, लक्षात न राहणाऱ्या माणसाचं रूप देतं, ठरावीक माणसाचं नाही. मालकाच्या मुलाचं सोंग घ्यायचं तर पाचव्या पातळीपर्यंत जावं लागेल. शिवाय रूप बदललं म्हणून बोली येत नाही. धुळे-अमळनेरकडच्या वॉचमनशी अहिराणीत दोन वाक्यं बोलता आली नाहीत, किंवा यावल-रावेरच्या केळीच्या बागेत लेवा बोलीऐवजी पुण्याची मराठी निघाली, तर तो रागावत नाही, फक्त 'पाहुणा कुठला?' असं विचारतो. तिथं सबटरफ्यूजचा (थाप पचवण्याच्या कौशल्याचा) रोल मागा. डॉमिनेटलाही (समोरच्याच्या मनावर हुकूम चालवण्याच्या शक्तीलाही) नजर मिळवावी लागते, आणि हुकूम समोरच्याला कळला पाहिजे.

दीड तास नुसतं ठरवणं

खेळाडूंना पंधरा मिनिटं द्या, घड्याळ लावून. कुठून शिरणार, बिघडलं तर कुठं भेटणार, कोण बाहेर थांबणार, बस. उरलेलं फ्लॅशबॅकनं भरून काढा: प्रत्येकाला एकदा 'हे मी काल करून ठेवलं होतं' म्हणता येईल, विलपॉवरला एक वरवरचा घाव मोजून. हाही घरचा नियम, दुसऱ्या खेळांतून उचललेला.

आणि लपणारा एकटाच खेळत असताना बाकीचे तिघं मोबाईल काढतात. दर पाच-सात मिनिटांनी गोष्टीचा कॅमेरा दुसऱ्यावर फिरवा. एक जण फाटकावर ट्रॅक्टरवाल्यांशी कापसाच्या भावावर गप्पा मारतोय, दुसरा गाडीत बसून पोलिसांची गस्त बघतोय. लपणाऱ्याच्या हाताखाली कडी वाजली की तिथंच तोडा आणि फाटकावर जा.

रजिस्टर मिळालं, सीन संपवला

बाहेर पडल्यावर पाच मिनिटं ठेवा. आवाराचा फासा शेवटी कितीवर होता ते लिहून घ्या. २ वर असेल तर सकाळी काहीच नाही. ३ किंवा ४ वर असेल तर रस्त्यावरच्या टपरीवर वॉचमन चहा पिता पिता सांगेल की काट्याजवळ कुणीतरी होतं आणि त्याची सावली पडत नव्हती. सावली खरंच पडत होती, पण गोष्ट तशीच पसरते, आणि आठवड्यात ती प्रिन्सच्या (शहरातल्या व्हँपायरांच्या प्रमुखाच्या) माणसापर्यंत जाते. डीव्हीआर तसाच सोडून आले असतील तर पुढच्या सत्राची सुरुवात त्यानंच करा: दुपारी मालकाचा भाचा रेकॉर्डिंग मागं-पुढं करतोय, आणि पात्रं कुठल्यातरी तळघरात झोपलेली आहेत.