ला पेलोझाला निघताना चटई घ्या

सार्डिनियाला जायचं ठरलं की लोक आधी पोहण्याचे कपडे शोधायला लागतात. तुम्ही ला पेलोझाला जाणार असाल तर आधी माळ्यावरची चटई काढा. थट्टा करत नाहीये. इटलीच्या या बेटाच्या वायव्य टोकाला, स्तिंतिनो गावाजवळ, हा किनारा आहे आणि तिथे नुसता टॉवेल वाळूवर पसरायला बंदी आहे. ओल्या टॉवेलाला वाळू चिकटते आणि मग ती कुठेतरी गाडीत नाहीतर हॉटेलच्या बाथरूममध्ये झटकली जाते. असे हजारो टॉवेल म्हटल्यावर किनारा हळूहळू उचलूनच नेला जातो. म्हणून टॉवेलाखाली चटई हवीच, नाहीतर दंड. तिथे विकतही मिळते, पण आम्ही घरचीच नेली होती, एरवी गच्चीवर कुरडयांखाली असते ती लाल-हिरवी प्लास्टिकची. घडी होते, वजन नाही, आणि आजूबाजूच्या इटालियन चटयांपेक्षा मोठी निघाली. सगळं कुटुंब आणि पिशव्या तिच्यावर मावल्या.

चटईच्याही आधीचं काम म्हणजे आरक्षण. उन्हाळ्यात दिवसाला १५०० जणांनाच सोडतात. तिकीट साडेतीन युरो, बारा वर्षांखालच्या मुलांना माफ. स्तिंतिनो नगरपालिकेच्या संकेतस्थळावरून ते आधीच काढून ठेवायचं, दर आणि तारखाही तिथेच पुन्हा तपासायच्या. ‘पोचल्यावर बघू’ हा आपला आवडता बेत इथे चालत नाही. आणि जोडून सुट्टी मिळते म्हणून १५ ऑगस्टच्या आसपास मुळीच जाऊ नका. तो दिवस इटलीतही सुट्टीचा, फेरागोस्तोचा, आणि अख्खा देश समुद्रावर लोटतो. जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर उत्तम.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, तो लवकर करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. भारतातून थेट विमान नाही. रोम किंवा मिलानहून अल्गेरोला उतरायचं, तिथून स्तिंतिनो साधारण पन्नास किलोमीटर. गाडी नको असेल तर सास्सारीहून बस आहे. चार्जरची पिन दोन गोल टोकांची घ्या, आपली तीन टोकांची जाड पिन तिथे बसत नाही.

किनाऱ्यावरच्या पिशवीत दोरीची टोपी हवी. वायव्येकडून ‘माएस्त्राले’ नावाचा वारा सुटतो. समोर पियाना आणि अझिनारा ही बेटं आडवी असल्यामुळे ला पेलोझाला त्यातल्या त्यात आडोसा आहे, तरी बिनदोरीची टोपी गेली तर गेलीच. पाणी बऱ्याच आतपर्यंत उथळ, त्यामुळे पोहता न येणारेही निवांत डुंबतात. सोळाव्या शतकातल्या दगडी टेहळणी बुरुजाकडे जायचं असेल तर रबरी चपला घ्या, तिकडे खडक आहेत. वाळूवर कधी काळपट, फितीसारख्या पानांचे ढीग दिसतात. ती घाण नव्हे. ते पोसिदोनिया नावाचं समुद्री गवत आहे आणि वाळू धरून ठेवायला त्याची मदत होते. आमच्या शेजारच्या बाई नाक मुरडत होत्या, पण त्यांच्याही चटईखालची वाळू काही प्रमाणात त्या ढिगांनीच राखलेली.

आता गाव. बरेचजण किनारा करून परस्पर निघून जातात, तसं करू नका, एक संध्याकाळ राखून ठेवा. स्तिंतिनो वसलं १८८५ मध्ये. अझिनारा बेटावर सरकारने कैद्यांची वसाहत आणि रोग्यांना वेगळं ठेवण्याचं ठाणं उभारलं, तेव्हा तिथल्या पंचेचाळीस कुटुंबांना उठवून या खाडीकाठी आणलं. नावाचा मूळ अर्थ आतडं, कारण समुद्राची चिंचोळी चीर जमिनीत शिरते. बंदरात आजही लाकडी होड्या डुलतात. जवळच ट्यूनाच्या मासेमारीचं संग्रहालय आहे, त्याला निदान तासभर द्या. पूर्वी समुद्रात जाळ्यांच्या एकामागून एक खोल्या मांडत. मासे एकीतून दुसरीत सरकत आणि शेवटच्या खोलीचं नाव थेट ‘मृत्यूची खोली’. या सगळ्याचा म्होरक्या ‘राईस’. शब्द अरबी, म्हणजे आपल्याकडच्या ‘रईस’चाच भाऊ. इथली ट्यूनाची मासेमारी १९७४ मध्ये थांबली.

जेवणाची वेळ सांभाळा. दुपारी तीननंतर स्वयंपाकघरं बंद होतात, ती साडेसातला उघडतात. आम्ही चारला पोचलो आणि बिस्किटांवर राहिलो. मासे खाणाऱ्यांनी गावच्या पद्धतीचा ऑक्टोपस मागवावा. शाकाहारी मंडळींनी ‘कुलुर्जोनेस’ मागवावेत. बटाटा, चीज आणि पुदिना भरून कणसासारखी वेणी घातलेली ती करंजीच समजा. चीज मात्र बहुधा मेंढीच्या दुधाचं आणि प्राणिज विरजणाचं असतं, चालत नसेल तर आधी विचारा. ‘पाने काराझाऊ’ ही खाकऱ्याची सख्खी बहीण, ती परतीच्या बॅगेतही टिकते.

अझिनाराला वेगळा दिवस हवा. पांढरी गाढवं आणि बंद पडलेले तुरुंग पाहायला बोटीने जाता येतं. १९८५ च्या उन्हाळ्यात फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो हे न्यायाधीश माफियांवरच्या महाखटल्याची तयारी करायला सुरक्षेसाठी याच बेटावर राहिले होते. वारा जोरात असेल तर बोटी रद्द होतात, म्हणून हा बेत शेवटच्या दिवशी ठेवू नका.

निघताना पाय धुवा, मुलांचे खिसे उलटे करा. वाळू, शिंपले, गोटे नेणं सार्डिनियात गुन्हा आहे. दंड ५०० ते ३००० युरो. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत पोर्तो तोर्रेस बंदरावर चाळीस किलो वाळू सापडली होती, बाटल्यांत भरलेली. आमच्या धाकट्याच्या खिशात चार शिंपले निघाले, ते रडारड करून परत ठेवले. चटईही तिथेच दोघांनी दोन टोकं धरून नीट झटकली. तरी पुण्यात आल्यावर गच्चीत उलगडली, तेव्हा घडीतून चिमूटभर पांढरी वाळू पडलीच.