शेनझेनच्या वाढीचे आकडे कसे वाचावेत

‘तीस हजार वस्तीच्या कोळीवाड्याचे चाळीस वर्षांत महानगर झाले’ हे वाक्य दक्षिण चीनमधील शेनझेन शहराविषयीच्या लेखनात हमखास आढळते. अभ्यासासाठी किंवा लेखनासाठी ते उचलण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच भूभागाचे आहेत का, हे तपासावे. तीस हजार हा आकडा हाँगकाँगच्या सीमेवरील एका बाजारगावाचा आहे. १९७९ मध्ये ज्या बाओआन तालुक्याला शेनझेन शहराचा दर्जा मिळाला, त्या संपूर्ण तालुक्यात तेव्हा तीन लाखांहून अधिक माणसे राहत होती आणि नानतौ येथे त्याचे जुने, तटबंदीचे ठाणेही होते. २०२० च्या जनगणनेतील सुमारे १ कोटी ७५ लाख लोकसंख्या संपूर्ण शहराची असल्याने तिची तुलना त्या तीन लाखांशीच करावी. तरीही वाढ पन्नास पटींहून अधिक भरते. दंतकथेची मुळात गरजच नाही.

यानंतर तक्त्यावरील वर्ष पाहावे. २६ ऑगस्ट १९८० रोजी स्थापन झालेले विशेष आर्थिक क्षेत्र अवघे ३२७.५ चौरस किलोमीटरचे होते, तर शहराचे क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर आहे. क्षेत्र आणि उरलेले शहर यांच्यामध्ये कुंपण आणि तपासणी नाकी होती. १ जुलै २०१० रोजी क्षेत्राची हद्द साऱ्या शहरापर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे त्याआधीचे ‘क्षेत्रा’चे आकडे आणि ‘शहरा’चे आकडे एकाच आलेखावर जोडू नयेत.

तिसरा प्रश्न मोजदादीचा आहे. चीनमध्ये प्रत्येकाची घरनोंदणी, म्हणजे हुकौ, एका ठिकाणी असते, आणि शेनझेनमध्ये प्रत्यक्ष राहणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचीच नोंदणी त्या शहरात आहे. एकूण उत्पन्नाला केवळ नोंदणीकृत रहिवाशांच्या संख्येने भागले, तर दरडोई उत्पन्न भलतेच फुगते. म्हणून छेदात कोणती लोकसंख्या घेतली आहे, हे पाहिल्याशिवाय असा आकडा वापरू नये. तरुण कामगार शहराला मिळाले, पण त्यांपैकी अनेकांची मुले आणि वृद्ध आईवडील गावीच राहिले, ही बाजू सरासरीत दिसत नाही.

वेगाविषयीच्या दाव्यांबाबतही हेच धोरण ठेवावे. शेनझेनमधील ५३ मजली ग्वोमाओ इमारत ‘तीन दिवसांत एक मजला’ या गतीसाठी प्रसिद्ध झाली. परंतु ती गती वरच्या मजल्यांचा सांगाडा चढवतानाची होती आणि संपूर्ण काम १९८२ पासून १९८५ पर्यंत चालले.

सर्वाधिक वेळ मात्र जमिनीच्या व्यवहारांना द्यावा, कारण माझ्या मते या वाढीचे इंजिन तेथेच आहे. १ डिसेंबर १९८७ रोजी शेनझेनमध्ये ८,५८८ चौरस मीटरच्या भूखंडाचा वापरहक्क जाहीर लिलावात ५२ लाख ५० हजार युआनला विकला गेला. तोवर जमिनीच्या अशा हस्तांतरणाला राज्यघटनेची परवानगी नव्हती. घटनादुरुस्ती त्यानंतर, एप्रिल १९८८ मध्ये झाली. मालकी सरकारकडेच ठेवून ठरावीक मुदतीचा वापरहक्क विकायचा आणि त्या पैशातून रस्ते, बंदरे उभारायची, ही पद्धत पुढे देशभर पसरली.

नकाशा वाचताना गगनचुंबी इमारतींच्या मधोमध असलेले दाट, वेड्यावाकड्या गल्ल्यांचे ठिपके वगळू नयेत. ही शहरात अडकलेली जुनी गावे आहेत. शेतजमिनी सरकारने घेतल्या, पण घरांच्या जागा बहुतांशी ग्रामस्थांकडे राहिल्या, आणि त्यांनी तेथे खिडकीतून शेजाऱ्याशी हस्तांदोलन करता येईल इतक्या जवळजवळ बहुमजली इमारती बांधून खोल्या भाड्याने दिल्या. कारखान्यांतील आणि दुकानांतील लक्षावधी कामगारांना परवडणारा निवारा नियोजित वसाहतींपेक्षा येथेच मिळाला. बाइशिझोउ हे अशांपैकी एक मोठे गाव. २०१९ पासून त्याचे पुनर्विकासासाठी स्थलांतर आणि पाडकाम सुरू झाले, तेव्हा भाडेकरूंना बाहेर पडावे लागले.

मराठी वाचकाला तुलना करायचीच असेल, तर ती मुंबईपेक्षा नवी मुंबईशी करणे अधिक उपयुक्त ठरेल. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या प्रकल्पासाठी शेतजमिनी संपादित झाल्या, गावठाणे मागे उरली आणि प्रकल्पग्रस्तांची ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा तेथील दीर्घकाळचा प्रश्न बनला. दोन्ही शहरांत त्या बांधकामांना मान्यता कधी आणि कोणत्या अटींवर मिळाली, पुनर्विकासात मूळ ग्रामस्थांच्या आणि भाडेकरूंच्या वाट्याला काय आले, या नोंदी समोरासमोर मांडाव्यात.