पायाळू पोरीची कादंबरी: आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी फँटसी कशी लिहायची

मुलांसाठी फँटसी लिहायची म्हटलं की बहुतेक जण आधी नकाशा काढायला बसतात, सात राज्यं, एक दुष्ट राजा, एक हरवलेली तलवार, आणि मग मधे कुठंतरी एक अनाथ पोरगा सोडून देतात ज्याच्या अंगावर काहीतरी खूण असते. माझं म्हणणं असं की नकाशा राहू द्या बाजूला. आधी पोरगं ठरवा, ते कुठं आणि कशामुळं उपरं आहे ते ठरवा, आणि त्याची शक्ती त्या उपरेपणातूनच काढा. वरून आणून चिकटवलेली शक्ती पाचवीतल्या पोरांना दोन पानांत कळते आणि मग ते पुस्तक पालथं पडतं ते पडतंच.

नुसतं तत्त्व सांगून काही होत नाही म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जातो.

आपल्याकडं पायाळू हा प्रकार सगळ्यांना ऐकून माहीत असतो. बाळ डोक्याऐवजी पायाकडून जन्माला आलं की ते पायाळू. पूर्ण दिवस भरलेल्या बाळंतपणांत शंभरात तीन-चार बाळं अशी उलटी, म्हणजे पायाकडून किंवा बुडाकडून असतात, म्हणजे दुर्मिळ म्हणावं तर तसंही नाही, पण लोकांनी त्याभोवती केवढं काय काय रचून ठेवलंय बघा. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, पाणी कळतं, कुणाच्या कंबरेत उसण भरली तर पायाळूची लाथ मारून घेतात, आणि पावसात पायाळू पोराला बाहेर सोडायचं नाही कारण वीज त्याच्यावरच पडते म्हणे. शक्ती, उपयोग, किंमत आणि धोका सगळं एकाच शब्दात तयार मिळतंय, आणि तरी आपण ड्रॅगन आणायला परदेशी जातो. (आमच्या ओळखीतल्या एका पोरानं विचारलं होतं की सिझर झालेलं बाळ पायाळू धरायचं का नाही. असले प्रश्न वहीत लिहून ठेवा, तुमच्या जादूचे नियम तिथूनच निघतात.)

आता ही पायाळू पोरगी उपरी कुठं होईल? माझ्या मते ऊसतोडीला. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर या भागातून दसरा-दिवाळीच्या पुढंमागं हजारो कुटुंबं साखर कारखान्यांकडं निघतात आणि मार्च-एप्रिलात परत येतात. आईबाप मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतात, नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, आणि पोरं बरोबर. शाळा अर्धी इकडं अर्धी तिकडं. आपली नायिका अकरा वर्षांची, नाव कोमल. नाव साधंच ठेवा, मुद्दाम अग्निशिखा वगैरे करू नका, टोळीतल्या पोरींची नावं कोमल, आरती, पूजा अशीच असतात आणि वाचणाऱ्या पोरीच्या वर्गातही याच नावाच्या दोघी बसलेल्या असतात. वय अकरा का, तर वाचक आठ ते बाराचे असतात आणि पोरांना आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या पोराचं वाचायला आवडतं, लहानाचं नाही.

टोळी उतरवायची जुन्नर तालुक्यात. ही जागा उगाच नाही निवडली. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं डिंभे अशी पाच धरणं, त्यांचे कालवे, आणि कालव्यांच्या जिवावर ऊस. म्हणजे पोरगी बीडकडच्या बालाघाट डोंगरातल्या कोरड्या गावातून पाण्यावर तरंगणाऱ्या मुलखात येते. इथं शक्तीचा पहिला नियम लावा: कोमलला पाणी डोळ्यांनी दिसत नाही, तळपायांना कळतं, कारण ती पायाकडून आली. गावी बोअर पाचशे फूट खाली जाऊन नुसता फुफाटा उडवते तिथं तिला काहीच कळत नाही, खाली सगळं गप्प. त्यामुळं आपल्याकडं काही आहे हे तिला अकरा वर्षं माहीतच नाही! आणि इथं येऊन पहिल्या रात्री कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, जमिनीवर झोपते तर खालून एवढी गडबड की झोप लागत नाही, कालवा झिरपतोय, विहिरी भरतायत, सगळं पायातून वर चढतंय. बघा म्हणजे शक्ती कळण्याचा प्रसंग आणि परक्या ठिकाणची पहिली रात्र एकाच पानावर आली, वेगळा म्हातारा साधू आणून 'बाळ तू वेगळी आहेस' म्हणायला लावायची गरज पडली नाही. तो साधू कृपया आणूच नका.

दुसरा नियम, शक्ती कधी चालत नाही ते. हा नियम पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आणि नवीन लिहिणारे नेमका हाच विसरतात. आपला दख्खनचा खडक बेसॉल्ट, त्यात पाणी सगळीकडं सारखं नसतं, भेगांत असतं, झिजलेल्या थरात असतं, दोन थरांच्या मधे असतं, घट्ट काळ्या पाषाणात जवळजवळ नसतंच. तर कोमलला मुरमातून स्पष्ट कळतं, काळ्या पाषाणापलीकडचं कळत नाही. आणि बूट घातले की बंद. शाळेत बूटमोजे घालावे लागतात, ते घातले की तिला पहिल्यांदा शांत वाटतं, वर्गात लक्ष लागतं, इतरांसारखं वाटतं. म्हणजे तिला शक्ती नकोच आहे, तिला बूट हवेत! वाचणाऱ्या पोराला हे बरोबर कळतं कारण त्या वयात कुणालाच वेगळं असायचं नसतं, मोठे लोक उगाच सांगत बसतात की वेगळं असणं भारी असतं म्हणून.

मग तिला हवंय काय, हे एका ओळीत लिहून टेबलासमोर भिंतीवर चिकटवा. माझ्या हिशोबानं तिला वार्षिक परीक्षा एकाच शाळेत द्यायचीय, मधे शाळा न सोडता. बास. जग वाचवायचं नाहीये. आणि ही गोष्ट तिच्या शक्तीनं मिळत नाही हे मुद्दाम बघा, पाणी कळून परीक्षेला बसता येत नाही. शक्तीनं जर हवी ती गोष्ट मिळत असेल तर तिसऱ्या प्रकरणात कादंबरी संपते आणि पुढं तुम्ही नुसती मारामारी लिहीत बसता.

वेळेचं गणित पण ऊसच ठरवून देतो. टोळी उतरली की गोष्ट सुरू, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गोष्ट संपणार, आणि पट्टा कधी पडणार हे कारखान्याच्या हातात, पोरीच्या नाही. घड्याळ लावायला वेगळी भविष्यवाणी लागत नाही. तसंच आईबापांचं. मुलांच्या पुस्तकात मोठ्यांना वाटेतून बाजूला करावं लागतं नाहीतर ते दुसऱ्या पानावर सगळे प्रश्न सोडवतात, म्हणून लेखक लोक सरसकट आईबाप मारून टाकतात. इथं मारायची गरज नाही, आईबाप पहाटे अंधारात उसाच्या फडावर जातात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कधी रात्रीपर्यंत. धाकट्या भावाला सांभाळत कोमल दिवसभर मोकळी म्हणजे एकटी. तिची आई जिवंत आहे, प्रेमळ आहे, आणि दमलेली आहे, हे मेलेल्या आईपेक्षा लिहायला अवघड आहे पण लिहा.

खलनायक. इथं सावकाश जा. पायाळूच्या समजुतीची काळी बाजू गुप्तधनाची आहे, धन दाखव म्हणून अशा पोरांना वापरण्याचे प्रकार, त्यात पूजा, उतारे आणि त्याहून वाईट. महाराष्ट्रात 2013 साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा जो कायदा झाला त्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि जलस्रोत शोधायच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. जलस्रोतसुद्धा! म्हणजे तुमच्या कथेचा धोका कायद्यात लिहून ठेवलाय. मग खलनायक शिंगंवाला राक्षस कशाला, गावातला गोड बोलणारा माणूस पुरे, जो कोमलला नवीन चपला घेऊन देतो, भावाला बिस्किटचा पुडा देतो, आणि मग एक दिवस म्हणतो 'जरा अनवाणी चाल बरं त्या जुन्या वाड्यात'. तो पोरांना जास्त भीती घालेल. नरबळीचं वर्णन मात्र करू नका, दहा वर्षांच्या वाचकाला खड्डा, हळद-कुंकू आणि बाजूला ठेवलेली कुदळ एवढं दाखवलं तरी पोटात गोळा येतो, पुढचं त्याचं तो समजतो.

आता तो प्रश्न येणारच की हे अंधश्रद्धा पसरवणं नाही का. प्रामाणिक प्रश्न आहे, टाळू नका. माझा तोडगा असा: जे गावात लोक खरंच मानतात ते पुस्तकात खोटं ठरू द्या, आणि जे कुणीच मानत नाही ते खरं ठेवा. म्हणजे लाथेनं उसण जात नाही, धन दिसत नाही, तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारा पाणाड्या चुकतो, पण कोमलच्या तळपायाचं मात्र खरं, कारण ते तुम्ही रचलंय आणि त्याला तुम्ही नियम घातलेत. वाचणारं पोरगं जादूची मजा घेतं आणि घरी जाऊन शेजारच्या पायाळू ताईकडं बोट दाखवत नाही. विजेचं तर फार जपून लिहा. मराठवाड्यात वळवाच्या पावसात वीज पडून माणसं जातात, त्यामुळं 'पायाळूवरच पडते' हे एखाद्या पात्राला म्हणू द्या पण प्रत्यक्ष वीज चमकायला लागली की कोमलनं झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात पळायचं. असली माहिती गोष्टीतून पोरांच्या डोक्यात कायमची बसते, चुकीची पण बसते.

भुतं घालायची तर निवडून घाला. मुंजा पिंपळावर, चकवा वाट चुकवणारा, साती आसरा पाण्याकाठी, या प्रत्येकाची जागा आणि सवय ठरलेली आहे आणि सगळी एका पुस्तकात कोंबली की जत्रा होते. आपल्या गोष्टीत पाणी आहे म्हणून आसरा घ्या, बाकी सोडा. कोकणातलं घ्यायचं असेल तर सगळं कोकणातच न्या, आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात कारण तो रात्री गावभर फिरतो अशी श्रद्धा आहे, त्या चपला बघून एक वेगळीच कादंबरी सुचेल. पण जुन्नरच्या उसात वेतोबा नको. उसात बिबट्या आहेच की. त्या पट्ट्यात बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते, तोडणी करताना फडात पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं येतात आणि पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, आई येऊन घेऊन जावी म्हणून. एक अख्खं प्रकरण तुम्हाला फुकट मिळालं, आणि त्यात जादू अजिबात घालू नका. फँटसीत मधेमधे जादू नसलेली आश्चर्यं लागतात, नाहीतर जादूची किंमत राहत नाही.

भाषेचं मात्र नीट बसून ठरवा. निवेदन साधं, बोलीच्या जवळचं, छोटी वाक्यं. संवाद ज्याचा त्याच्या बोलीत. कोमल वर्गात 'काय करायलीस' म्हणते आणि सगळा वर्ग हसतो, बाई पण जरा हसतात, आणि मग ती दोन दिवस तोंडच उघडत नाही. उपरेपणा यापेक्षा चांगला कसा दाखवणार? तिला 'ऊसतोड्यांची पोरगी' म्हणतात, नावानं कुणी हाक मारत नाही. पहिल्यांदा जो पोरगा कोमल म्हणून हाक मारेल तो तिचा मित्र, त्याला वेगळी ओळख करून द्यायला नको. फड, कोपी, वाढं, मोळी, उचल हे शब्द तसेच ठेवा, कंसात अर्थ देऊ नका, गुरांना वाढं टाकलं असं लिहिलं की पुण्यातल्या पोरालाही कळतं ते काहीतरी खायचं आहे. आणि मोठ्यांशी बोलताना अहो-जाहो, आईला अगं, मुकादमाला सगळे दबून, हे सांभाळलं की अर्धी पात्रं आपोआप उभी राहतात.

सुरुवात अशी काहीतरी करता येईल, नमुना म्हणून देतो:

'ट्रॅक्टर थांबला तेव्हा भाऊ झोपला होता आणि कोमलच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या. ती खाली उतरली. चपलेचा अंगठा वाटेतच तुटला होता म्हणून चपला हातात होत्या. पाय मातीला लागला आणि तिनं पटकन वर उचलला. खाली कुणीतरी बोलत होतं.'

एवढंच. जादू कोण, कशी, कधीपासून काही सांगायचं नाही. माहिती द्यायचा मोह पहिल्या प्रकरणात सगळ्यांना होतो, पहिला खर्डा झाला की पहिलं प्रकरण उडवून बघा, बऱ्याचदा गोष्ट दुसऱ्यापासूनच सुरू झालेली असते.

लांबीचं म्हणाल तर इंग्रजीत या वयासाठी साधारण तीस ते पन्नास हजार शब्द चालतात, फँटसी त्याहून लांबते. मराठीत मी पंचवीस-तीस हजारांच्या पुढं जाऊ नका म्हणेन, कारण आपल्याकडं असं पुस्तक बऱ्याचदा आईबाबा किंवा शिक्षक मोठ्यानं वाचून दाखवतात. प्रकरण पंधरा-वीस मिनिटांत वाचून संपावं आणि संपताना पोरानं 'अजून एक' म्हणावं. मुलांसाठी मराठीत कसं लिहिलं जातं याचा कान तयार करायचा असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, दहा-बारा अंक काढून नुसते संवाद वाचा.

शेवटाबद्दल एवढंच की कोमलनं वाड्यातून सुटायचं ते अक्कल, मित्र आणि थोडी शक्ती यांच्या जोरावर, आणि टोळीला परत जायचं ते जायचंच. सगळ्या गावानं तिचा सत्कार केला, सरपंचांनी शाल दिली असला शेवट नको, उचल फिटली नसेल तर पुढच्या दसऱ्याला ती परत ट्रॅक्टरवर असणार हे वाचकाला कळलं पाहिजे. परीक्षेचं काय झालं ते मात्र सांगाच, पोरं तेच आधी विचारतात. खर्डा झाला की जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत पाचवीच्या वर्गाला वाचून दाखवा, जिथं पोरं खिडकीबाहेर बघायला लागतील तिथं समासात पेन्सिलनं रेघ मारा आणि घरी येऊन तेवढा भाग कापा.