रोजचा वाटा रोज: ख्रिस्ती घरात दैनंदिन उपासनेची घडी कशी बसवावी

पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या 16व्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळतो, तेव्हा त्याच्यासोबत एक शिस्तही मिळते. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, एवढाच मान्ना रोज सकाळी गोळा करायचा होता. ऊन चढले की तो वितळून जात असे, आणि ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी तो राखून ठेवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढेच मागणे आहे. महिन्याचा शिधा एकदम भरून द्यावा असे तीत म्हटलेले नाही. उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या मेळाव्यात, किंवा मे महिन्यातील शिबिरात मन भरून येते, डोळे पाणावतात, आणि त्या दिवसांचे मोल मी मुळीच कमी मानत नाही. परंतु त्या तीन दिवसांच्या साठ्यावर पुढचे वर्ष काढता येत नाही, हे मी स्वतःच्या आयुष्यात पुरेसे पाहिले आहे. म्हणून रोजचा वाटा रोज कसा गोळा करावा, याविषयीच येथे लिहितो.

पहिला प्रश्न वेळेचा येतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे, अंधार असतानाच, उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो. हे 35वे वचन आपण पुष्कळदा सुटे वाचतो. आदल्या संध्याकाळी सारे नगर दाराशी लोटले होते आणि सूर्य मावळल्यानंतर त्याने अनेक रोग्यांना बरे केले होते, हे त्याच्या आधीच्याच वचनांत आले आहे. म्हणजे दमलेल्या दिवसानंतरची ती पहाट होती. सवड मिळाली म्हणून तो उठला नव्हता. तरीही पहाटच हवी असा नियम मी कोणावर लादणार नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेची सकाळ घरी परतल्यावर सुरू होते, आणि विरारहून सहाच्या आत लोकल पकडणाऱ्याला पहाटे चारला उठण्याचा उपदेश करणे ही निर्दयता आहे. वेळ कोणती यापेक्षा ती ठरलेली असणे महत्त्वाचे आहे. ती घड्याळाला बांधण्याऐवजी रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधावी, म्हणजे आठवण वेगळी ठेवावी लागत नाही: चहा झाला की, मुलांची शाळेची रिक्षा गेली की, किंवा दुकान उघडून गल्ल्यापाशी बसण्यापूर्वी. सुरुवातीला पंधरा मिनिटे पुरेत. जो पहिल्याच दिवशी तासाभराचा संकल्प सोडतो, तो दहाव्या दिवशी पाच मिनिटांनाही बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

जागाही ठरलेलीच असावी. दानिएलाच्या 6व्या अध्यायात राजाच्या मनाईहुकमावर सही झाल्याचे कळल्यावर दानिएल घरी जातो, यरुशलेमेच्या दिशेला उघडणाऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकतो आणि दिवसातून तीन वेळा प्रार्थना करतो. तेथे एक लहानसा शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे ‘पूर्वीप्रमाणे’. संकट आले म्हणून त्याने नवे काही सुरू केले नाही. गुडघ्यांना त्या जागेची सवय आधीच होती. आपल्या दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र प्रार्थनेची खोली कोठून येणार? पण खिडकीजवळची एक खुर्ची, गच्चीच्या जिन्याची वरची पायरी, किंवा स्वयंपाकघरातील ओट्याजवळचा पाट एवढे मिळू शकते. त्या जागी पवित्र शास्त्र, एक वही आणि पेन्सिल कायमची ठेवावी, आणि मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवावा. मोबाइलवर वचन वाचता येते हे खरे आहे. पण वाचता वाचता वरून एक संदेश उतरतो आणि मन त्याच्यामागे जाते.

आता वाचनाकडे वळू, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. बहुतेक जण जानेवारीत वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा नेम धरतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पवित्र शास्त्रात 66 पुस्तके व 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोजचे तीन-चार अध्याय होतात. उत्पत्ती आणि निर्गमातील कथांवर गाडी वेगाने धावते, आणि लेवीयातील अर्पणांच्या विधींपाशी ती अडते. हा नेम वाईट नाही, पण तो सवय लागलेल्या माणसासाठी आहे. नव्याने बसणाऱ्याने मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. त्यात 16 अध्याय आहेत. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिन्याभरात ते वाचून होते. त्यानंतर स्तोत्रसंहितेतील रोज एक स्तोत्र घ्यावे, म्हणजे 150 स्तोत्रांना पाच महिने लागतात, आणि स्तोत्र 119 मात्र त्यातील 176 वचने पाहून आठवडाभर वाटून घ्यावे.

वाचताना हातात पेन्सिल असू द्यावी. मराठी कवी ना. वा. टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते, तेव्हा डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो आपल्या नेहमीच्या पद्धतीने, पेन्सिलीने खुणा करीत वाचण्याचे ठरवले, आणि मत्तयातील डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पवित्र शास्त्रात खुणा करणे म्हणजे त्याचा अवमान, असे आमच्याकडची काही वडीलधारी माणसे मानत. मला तसे वाटत नाही. माझ्या आईच्या शास्त्रात स्तोत्र 23 च्या पानाच्या कडेला हळदीच्या बोटाचा ठसा आहे आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ या ओळीखाली तीन वेगवेगळ्या वेळी ओढलेल्या तीन रेघा आहेत. त्या रेघा कोणत्या दिवसांच्या आहेत हे आम्हा भावंडांना ठाऊक आहे.

सावकाश वाचणे म्हणजे काय, हे एका उताऱ्यावरून सांगतो. मार्क 4:35–41 मध्ये गालीलच्या समुद्रावर वादळ उठते. हीच घटना मत्तय आणि लूक यांनीही दिली आहे. पण येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला होता, ती उशी फक्त मार्कने सांगितली आहे. त्यांच्या नावेबरोबर दुसऱ्याही नावा होत्या, हेही त्यानेच लिहिले आहे. पहिल्या वाचनात उशी दिसत नाही. दुसऱ्यांदा, मोठ्याने वाचल्यावर ती दिसते, आणि मग दिवसभर शिकवलेला, थकून झोपी गेलेला तो माणूस समोर येतो. आणि त्याच माणसाने उठून वाऱ्याला धमकावले, हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या दुसऱ्या नावांतील लोकांना कोण उठवणार होते? त्यांनाही ती शांतता मिळालीच. एवढे पाहिल्यावर मी स्वतःला एवढेच विचारतो की आज मी कोणत्या नावेत आहे, आणि जे सुचेल ते वहीत एका वाक्यात लिहितो. एक वाक्य पुरते.

भाषांतराविषयी थोडे. बायबल सोसायटीच्या भाषांतराची मराठी उपासनेत कानावर बसलेली असते, म्हणून पाठांतराला ती चांगली. तीत अडखळणाऱ्यांनी सोप्या मराठीतील भाषांतर सोबत ठेवावे. कॅथोलिक वाचकांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ठाऊक असेलच. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर केले, तेही अल्पशिक्षित स्त्रियांना आपले आपण वाचता यावे या तळमळीने.

प्रार्थनेत आपण पुस्तकी होतो, असे मला पुष्कळदा वाटते. ‘हे कृपाळू, दयाळू, सनातन पित्या’ असे सुरू करून तेच ते शब्द म्हणत जातो आणि ज्या गोष्टीने झोप उडाली ती सांगायचीच राहते. एकांतात, घरी बोलतो त्याच भाषेत बोलावे. कर्जाचा हप्ता थकला असेल तर हप्ता म्हणावे, भावाशी बोलणे तुटले असेल तर त्याचे नाव घ्यावे. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखावेत: एकात विनंती आणि तारीख, दुसऱ्यात उत्तर आणि तारीख. दुसरा रकाना पुष्कळ दिवस कोरा राहतो, आणि काही ओळींपुढे मला अनपेक्षित असे उत्तर लिहावे लागले आहे. तरी ती पाने वर्षाअखेरीस चाळल्याशिवाय देवाने किती ऐकले हे ध्यानात राहत नाही.

आणि शब्दच सुचत नसतील तेव्हा उसने शब्द घ्यावेत. वडिलांच्या शेवटच्या आजारात जवळजवळ दोन महिने मला स्वतःची अशी एकही प्रार्थना करता आली नाही. त्या दिवसांत स्तोत्र 13 मला सापडले. ‘अजून किती काळ?’ हा एकच प्रश्न तेथे सुरुवातीच्या दोन वचनांत चार वेळा येतो. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, त्याला आशेचा शेवट जोडलेला नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. रुग्णालयाच्या जिन्यावर उभे राहून ती दोन स्तोत्रे वाचणे हीच माझी त्या काळातील उपासना होती.

दुपारचा एक थांबा असावा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र व योहान तिसऱ्या प्रहरी प्रार्थनेच्या वेळेला मंदिरात जातात, आणि पेत्र भर दुपारी घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, चढून प्रार्थना करतो. ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असे सांगितले आहे. डबा उघडण्यापूर्वी मिनिटभर डोळे मिटून तीच म्हणावी. कचेरीत कोणाला कळण्याचीही गरज नाही.

संध्याकाळ कुटुंबाची आहे. वसईच्या कॅथोलिक घरांत संध्याकाळी जपमाळ म्हणण्याची रीत आहे: पाच रहस्ये, म्हणजे येशू व मरिया यांच्या जीवनातील चिंतनाचे प्रसंग, प्रत्येकाला दहा ‘नमो मारिया’, सुमारे वीस मिनिटे. सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये जोडलेली प्रकाशाची रहस्ये गुरुवारी घेतात. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, आमच्याकडे कुटुंबोपासनेत एक गीत, एक शास्त्रभाग आणि प्रार्थना असा क्रम असे. पण आजीपासून नातवापर्यंत सगळे एका चटईवर बसतात, हे दोन्हीकडे सारखेच. गीत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून एखादे टिळकांचे भजन घ्यावे, पेटी नसली तरी टाळ्यांच्या ठेक्यावर ते चालते. शास्त्रभाग मुलांना वाचू द्यावा आणि ती अडखळली तरी मध्येच सुधारू नये. प्रार्थना लांबवू नये. मुले जांभया देऊ लागल्यावर चाललेली वडिलांची प्रार्थना ही मुलांना उपासनेचा कंटाळा शिकवते, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

सवय केवळ वाचन-प्रार्थनेची नसते. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया 1910 च्या सुमारापासून प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात आणि ते मंडळीच्या सेवाकार्यासाठी देतात. हे मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात गरीब घरही मागे राहत नाही आणि अर्पण रविवारच्या थैलीपुरते उरत नाही. आपल्या घरात तांदळाच्या डब्याशेजारी एक रिकामा डबा ठेवून हे उद्यापासून करता येईल. महिनाअखेरीस तो कोणाच्या घरी पोहोचवायचा, हे मुलांनी ठरवावे. शुक्रवारी उपवास करणाऱ्यांनी त्या जेवणाचा खर्चही तेथेच घालावा, आणि मत्तयाच्या 6व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून कामाला जावे.

झोपण्यापूर्वीची पाच मिनिटे दिवसाकडे मागे वळून पाहण्यासाठी ठेवावीत. आज कृपा कोठे दिसली, कोणाला लागेल असे बोललो, हे देवापुढे तपासावे. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असे आपण रोज म्हणतो. त्या ऋण्याचे नाव आणि तोंड डोळ्यांपुढे आणून ते म्हणून पाहावे. ते जड जाते. पत्नीशी किंवा मुलाशी काही बिनसले असेल तर दिवा मालवण्यापूर्वी त्याला हाक मारावी.

खंड पडेलच. प्रवास, परीक्षा, घरातील लग्न, आजारपण यांत आठवडा निघून जातो, आणि मग राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या ओझ्यानेच माणूस पुन्हा बसत नाही. राहिलेले भरून काढू नये. कालचा मान्ना उन्हाबरोबर गेला. आजचा अंगणात पडलेला आहे. जेथे खूण आहे तेथून पुढे वाचावे. फार दिवस एकट्याने जमत नसेल तर मंडळीतील एका माणसाला सांगावे आणि रविवारी उपासनेनंतर त्याने ‘कोठवर आलात?’ असे विचारावे, अशी विनंती करावी. रविवारची उपासना मात्र या सगळ्याच्या बदल्यात सोडायची नाही. घरची प्रार्थना आणि मंडळीतील प्रार्थना एकमेकींवर जगतात.

सहाव्या दिवशी इस्राएल लोकांना दुप्पट मान्ना गोळा करून शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसाची, तयारी आदल्या दिवशीच करावी लागे. तेवढी तयारी आपणही करावी. आज रात्री मार्कचा पहिला अध्याय उघडून तेथे खुणेची फीत घालावी, पेन्सिलीला टोक करावे, वहीच्या पहिल्या ओळीवर उद्याची तारीख लिहावी आणि खुर्ची खिडकीजवळ सरकवून ठेवावी.