गावाकडची शॉर्टफिल्म निर्मात्याला दाखवायची तर

मी अंधेरीत प्रीव्ह्यू थिएटर भाड्याने घेऊन सोलापूर, चंद्रपूरकडच्या पोरांच्या शॉर्टफिल्म दाखवते. शुक्रवार टाळा, त्या दिवशी नवे सिनेमे लागतात. मंगळवारी संध्याकाळी सात बरं. सगळं मिळून तासाभरात आटपा, सगळ्यात दमदार फिल्म पहिली लावा. मोठी माणसं मधेच उठतात.

बोलावताना नुसत्या निर्मात्यांच्या मागे लागू नका. कास्टिंगवाले आणि ओटीटीच्या कथाविभागातली तरुण मंडळी खरोखर येतात, वर चार जणांना सांगतात.

इंग्रजी सबटायटल हवेतच. पण वऱ्हाडी संवाद प्रमाण मराठीत डब केलेत तर मी फिल्म परत पाठवते. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल प्रत, सेकंदाला चोवीस फ्रेमची करा आणि आदल्या दिवशी त्याच पडद्यावर, आवाजासकट, पूर्ण चालवून बघा.

भाषणं नकोत. दिग्दर्शकाला दाराशी उभं करा, हातात एक कागद: पुढच्या फिल्मची पाच ओळींची गोष्ट, फोन नंबर, पासवर्डसह लिंक. तिसऱ्या दिवशी फोन करायचा, लाजायचं नाही. जोडीला १९९० पासून भरणाऱ्या ‘मिफ’लाही, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवालाही फिल्म पाठवा, तिथे माहितीपट, लघुपट हेच मुख्य पाहुणे असतात.